वाटीनं मोजायची मिरची

आपल्याकडे मिरचीचं माप चमच्यावर नाहीतर बोटांवर असतं. पोह्यांना दोन मिरच्या, आमटीला अर्धा चमचा तिखट, झणझणीत रश्श्याला फार तर दोन-अडीच चमचे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या न्यू मेक्सिको राज्यात घरोघरी मिरची मोजतात ती वाटीनं. चार माणसांपुरत्या हिरव्या रश्श्यात दोन वाट्या चिरलेली मिरची पडते. लाल सॉस करायचा तर शंभर ग्रॅम वाळलेल्या मिरच्या सहज लागतात. ऑगस्ट उजाडला की तिथली कुटुंबं पंधरा-अठरा किलोचं एक पोतं हिरव्या मिरच्या घेतात, आणि मोठ्या घरात एका पोत्यानं भागत नाही.

ही माणसं आपल्यापेक्षा जास्त तिखट खातात असं यावरून वाटेल, पण तसं नाही. त्यांची रोजची मिरची आपल्या लवंगीच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी सौम्य असते. फरक आहे तो मिरचीला ताटात दिलेल्या जागेचा. आपण मिरची पदार्थात घालतो. तिथे मिरची हाच पदार्थ असतो, आणि मांस, बटाटा, मका, अंडं ही तिच्या सोबतीला येतात. राज्यानं १९६५ मध्ये आपली अधिकृत भाजी ठरवली तेव्हा पिंटो जातीच्या घेवड्याबरोबर मिरचीचं नाव लावलं. ते नाव मसाल्याच्या यादीत गेलं नाही. तिथली मिरचीची जात, ती भाजण्याची पद्धत, वाळवण्याची रीत आणि सॉस शिजवण्यातला प्रत्येक बारकावा याच एका गोष्टीतून आलेला आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आधी हिरव्या आणि लालचा उलगडा. या दोन वेगळ्या मिरच्या नाहीत. एकाच झाडाची कोवळी पण पूर्ण वाढलेली शेंग म्हणजे हिरवी, आणि तीच झाडावर पिकून लाल झाली, वाळली की लाल. हिरवी मिरची जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तोडतात. उरलेली शेतातच ठेवली की ऑक्टोबरात झाडं लालबुंद होतात. मधल्या काही आठवड्यांत शेंगेच्या आत बरंच काही घडतं. हिरव्या मिरचीला जो ताज्या पाल्यासारखा, भोपळी मिरचीच्या जवळ जाणारा वास असतो तो पायराझिन वर्गातल्या संयुगांचा. पिकताना ही संयुगं घटत जातात. हरितद्रव्य मोडतं, कॅप्सँथिन आणि कॅप्सोरुबिन ही लाल रंगद्रव्यं तयार होतात, साखर वाढते. म्हणून हिरवीची चव तरतरीत आणि पालेदार लागते. लालची खोल, किंचित गोडसर आणि मातकट. हिरवीचे पदार्थ आणि लालचे पदार्थ हे जवळजवळ दोन वेगळे स्वयंपाक आहेत, आणि दोन्ही एकाच वाफ्यातून येतात.

मिरचीचं मूळ मेक्सिकोतलं. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी ती रानातून शेतात आणली. रिओ ग्रांदे नदीच्या काठचे प्वेब्लो लोक मका, घेवडा आणि भोपळा पिकवत होतेच. १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते याच्याबरोबर स्पॅनिश वसाहतवाले मेक्सिकोहून उत्तरेला आले. मेक्सिको सिटी ते सांता फे हा अडीच हजार किलोमीटरचा ‘कामिनो रेआल’ मार्ग पुढची तीनशे वर्षं माणसं, गुरं आणि बियाणं वाहत राहिला. नदीकाठच्या पाटाच्या पाण्यावर मिरची रुजली, आणि गावागणिक तिची जात वेगळी झाली. त्याच सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची गोव्यात उतरली आणि तिथून आपल्या मुलखात पसरली. म्हणजे आपली मिरची आणि त्यांची मिरची साधारण एकाच काळात, दोन शेजारी युरोपीय देशांच्या हातून, जगाच्या दोन टोकांना पोचली.

आज न्यू मेक्सिकोची म्हणून जी लांब, गुळगुळीत, जाड गराची मिरची ओळखली जाते ती मात्र एका माणसाच्या कामातून उभी राहिली. फाबियान गार्सिया हा मेक्सिकोतल्या चिवावा प्रांतात १८७१ मध्ये जन्मलेला अनाथ मुलगा, आजीबरोबर सीमा ओलांडून आला. लास क्रूसेसच्या कृषी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीतून, १८९४ मध्ये पदवी घेतलेल्या पहिल्या तुकडीत तो होता. पुढे तिथेच फळबागशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्या वेळी शेतकऱ्यांच्या मिरचीत कसलीच एकसारखी गोष्ट नव्हती. एकाच ओळीतली एक शेंग सौम्य, दुसरी जाळ. एक लांब, एक वेडीवाकडी. गार्सियानं आसपासच्या शेतांतल्या चौदा वाणांपासून सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं निवड करत ‘न्यू मेक्सिको नंबर ९’ हे वाण तयार केलं. त्याला हवी होती मोठी, गुळगुळीत, गरदार, टोकाकडे निमुळती होत जाणारी आणि देठाजवळ खांदे नसलेली शेंग.

खांदे नसलेली का, हे ज्यानं मिरची भाजून सोलली आहे त्याला लगेच कळेल. देठाभोवती घड्या आणि खळगे असले की तिथे आच पोचत नाही, साल सुटत नाही, आणि डबाबंद करणाऱ्या कारखान्यात काय किंवा घरात काय, सोलणाऱ्याचा निम्मा वेळ तिथेच जातो. फळाचा आकारच सोलण्याच्या सोयीनं घडवला गेला. मसाल्यासाठी मिरची पिकवणारा माणूस असा विचार करणार नाही. भाजीसाठी पिकवणाराच करेल. तिखटपणाही गार्सियानं मुद्दाम खाली आणला, म्हणजे ज्यांना मिरचीची सवय नाही त्या इंग्रजीभाषक घरांतही ती वाटीनं खाल्ली जावी. गार्सिया १९४८ मध्ये गेला आणि आपली मालमत्ता गरीब हिस्पॅनिक विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय व्हावी म्हणून महाविद्यालयाला देऊन गेला.

त्याच महाविद्यालयात पुढे रॉय नाकायामा आला. जपानी स्थलांतरित शेतकऱ्यांचा हा मुलगा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून लढला आणि जर्मनांचा युद्धकैदी झाला होता. त्यानं १९७५ मध्ये ‘न्यूमेक्स बिग जिम’ हे वाण दिलं. याची शेंग फूटभर लांब होऊ शकते. एवढी मोठी शेंग कशाला? तर चिली रेयेनोसाठी. भाजून सोललेल्या मिरचीत चीज भरून, अंड्याच्या फेसाळ पिठात बुडवून तळायचा हा पदार्थ. शेंग लांब-रुंद असेल तर एका माणसाला एक पुरते. इथेही पदार्थानं मिरची घडवली.

आता भाजण्याकडे येऊ, कारण हिरव्या मिरचीचं सगळं मर्म तिथे आहे. या मिरचीची साल चिवट आणि मेणचट असते. ती शिजत नाही आणि दातात अडकते. ती काढायची तर आचेवर जाळावी लागते. जोरदार आच लागली की सालीखालचं पाणी वाफ होतं, साल गरापासून सुटून फुगते, तिला काळे फोड येतात. भरताचं वांगं आपण जसं जाळावर धरतो तसंच हे काम, फक्त आच अधिक आणि वेळ कमी, कारण वांगं आतून पूर्ण शिजवायचं असतं आणि मिरचीचा गर थोडा तजेलदार ठेवायचा असतो. ऑगस्टअखेर आल्बुकर्की, सांता फे, लास क्रूसेसमध्ये किराणा दुकानांबाहेर जाळीचे मोठे पिंप फिरत असतात. खालून गॅसच्या ज्वाळा, आत पोतंभर मिरच्या. काही मिनिटांत त्या काळ्या-हिरव्या होऊन बाहेर पडतात. त्या वासानं सगळा रस्ता भरतो. २०२३ मध्ये राज्यानं हाच वास आपला अधिकृत सुवास म्हणून कायद्यानं जाहीर केला. ही कल्पना लास क्रूसेसच्या एका शाळेतल्या पाचवीच्या मुलांनी मांडली होती. एखाद्या राज्यानं वासाला मान द्यावा हे मला फार योग्य वाटतं. चवीची आठवण बहुतेक नाकातच असते.

घरात हेच काम थेट गॅसच्या ज्वाळेवर, जाळीवर किंवा ओव्हनच्या वरच्या आचेखाली होतं. भाजण्याआधी प्रत्येक मिरचीला सुरीच्या टोकानं एक छोटी चीर द्यायची, नाहीतर आतली वाफ ती फोडते. सगळीकडून फोड आले की लगेच पातेल्यात घालून घट्ट झाकायची आणि दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ सोडायची. स्वतःच्याच वाफेत साल सैल होते. मग बोटांनी ओढली की निघते. नळाखाली धरून सोलायचा मोह होतो, तो टाळावा. भाजल्याचा सगळा खमंगपणा पाण्याबरोबर मोरीत जातो. थोडे काळे ठिपके राहिले तर उत्तमच.

वर्षभराची साठवण फ्रीझरमध्ये होते. जाणत्या घरांत मिरच्या सालीसकट गोठवतात, कारण गोठल्यावर साल आणखी सहज सुटते, आणि गरालाही तेवढंच संरक्षण मिळतं. इथे एक धोका सांगायला हवा. भाजलेली मिरची बाटलीत भरून, वर तेल ओतून कपाटात ठेवायची नाही. आपल्या लोणच्यात भरपूर मीठ आणि आंबटपणा असतो, म्हणून ते टिकतं. भाजलेल्या मिरचीत आंबटपणा फार कमी असतो. तेलाखाली हवा मिळत नाही, आणि बॉटुलिझमचं विष तयार करणाऱ्या जीवाणूंना नेमकी अशीच जागा लागते. न्यू मेक्सिकोत पूर्वीपासून जे डबाबंद करत ते प्रेशर कुकरमधल्या उच्च तापमानावर. फाबिओला काबेसा दे बाका ही कृषी विस्तार खात्याची कार्यकर्ती १९२९ पासून खेडोपाडी आणि प्वेब्लो वस्त्यांत फिरून बायकांना हेच तंत्र शिकवत होती. बायकांकडून जुन्या पाककृती तिनं ऐकल्या, मापं बसवली आणि ‘हिस्टॉरिक कुकरी’ या छोट्या पुस्तकात छापल्या. तोवर मुठीनं आणि अंदाजानं चाललेला स्वयंपाक तिच्यामुळे कागदावर आला.

सोललेली मिरची हातात आली की पदार्थ साधे आहेत. हिरव्या मिरचीचा रस्सा, म्हणजे ग्रीन चिली स्ट्यू, हा तिथल्या थंडीतला रोजचा आधार. डुकराच्या मांसाचे तुकडे तेलात खरपूस परतायचे, कांदा-लसूण घालायचा, पाणी किंवा मांसाचं पाणी ओतून तासभर मंद शिजवायचं, मग बटाट्याच्या फोडी आणि दोन वाट्या चिरलेली भाजकी मिरची. मसाला जवळजवळ नाहीच. मीठ आणि कधी चिमूटभर जिरं. आपल्याला इथे हात आवरावा लागतो. गरम मसाला, धणे, हळद यांतलं काही घालावंसं वाटेल, पण घातलं की मिरचीचा स्वतःचा स्वाद मागे पडतो आणि उरतो नुसता नेहमीचा रस्सा. मांस न खाणाऱ्यांनी बटाटा, मका आणि घेवडा घेऊन हाच रस्सा करावा, तो तोकडा पडत नाही. कोवळा भोपळा, मक्याचे दाणे आणि हिरवी मिरची यांची ‘कालाबासितास’ ही भाजी तर मुळातच शाकाहारी आहे, शेवटी मूठभर चीज सोडलं तर.

लाल मिरचीला वेगळी शिस्त लागते. पूर्वी पिकलेल्या मिरच्या दोऱ्यात ओवून लांब माळा करत. तिला ‘रिस्त्रा’ म्हणतात. घराच्या मातीच्या भिंतीवर, छपराच्या वाशांना त्या लटकत. तिथली हवा इतकी कोरडी की काही आठवड्यांत शेंगा खडखडीत वाळतात. ही शोभा आज पर्यटकांसाठी विकली जाते आणि त्यातल्या काही माळांवर चकाकीसाठी लाखेचा हात दिलेला असतो. त्या खायच्या नसतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याच्या शेवटी अशी माळ टांगली तर बुरशीच येईल. आपण उन्हाळ्यात, कडक उन्हात मिरची पसरून वाळवतो, ते आपल्या हवेला धरून आहे.

लाल सॉस दोन प्रकारे होतो, पूडीचा किंवा अख्ख्या शेंगांचा. पूडीचा पटकन होतो. पण अख्ख्या शेंगांच्या सॉसला जो गर आणि घट्टपणा येतो तो पूडीला येत नाही, आणि घरी एवढा खटाटोप करायचाच तर शेंगांचा करावा. देठ मोडायचे, बिया झटकायच्या, मिरच्या झटकन धुवून पुसायच्या. मग मंद तव्यावर अगदी क्षणभर शेकायच्या. वास सुटला की उतरवायच्या. सॉस बिघडतो तो इथेच. वाळलेल्या मिरचीत साखर असते आणि पापुद्रा पातळ. दहा सेकंद जास्त झाली तरी ती करपते, आणि तो कडूपणा नंतर साखर, टोमॅटो, कशानंही जात नाही. करपलेली शेंग निर्दयपणे टाकून द्यावी. शेकलेल्या मिरच्या गरम पाण्यात वीस-तीस मिनिटं भिजवायच्या. भिजवलेलं पाणी चाखून पाहायचं. कडू लागलं तर ओतून ताजं पाणी घ्यायचं. शंभर ग्रॅम मिरच्यांना अडीच-तीन वाट्या पाणी, तीन-चार लसूण पाकळ्या, मीठ आणि अर्धा चमचा ओरेगॅनो घालून मिक्सरमध्ये अगदी गंधासारखं वाटायचं. नंतर गाळणीतून दाबून गाळायचं. गाळणं वगळू नये. वाळलेल्या सालीचे बारीक कण जिभेवर खरखरतात आणि सॉसचा मऊपणा जातो.

कढईत दोन चमचे चरबी किंवा तेल तापवून त्यात चमचाभर मैदा हलका बदामी करायचा आणि वाटण त्यात ओतायचं. तेलाशिवाय नुसतं पाण्यात उकळून हा सॉस कधीच भरत नाही, कारण लाल रंगद्रव्यं आणि तिखट कॅप्सेसिन दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. तेलात गेल्यावर रंग विटकरी लालवरून गडद होतो, कच्चा वास जातो आणि चव एकसंध होते. वीस-पंचवीस मिनिटं मंद आचेवर. मैदा घालावा की नाही यावर तिथल्या घराघरांत मतभेद आहेत. उत्तरेकडच्या कित्येक घरांत तो चालत नाही. मिरच्या गरदार असतील तर मैद्याची गरज पडत नाही, पातळ सालीच्या असतील तर पडते. जिऱ्याचाही वाद असाच. जिरं हा मुख्यतः टेक्सासचा शिरस्ता. १८९० च्या दशकात टेक्सासमध्ये विल्यम गेबहार्टनं मिरचीपूडीत मसाले मिसळून बाटल्या विकायला सुरुवात केली. तेव्हापासून अमेरिकन दुकानात ‘चिली पावडर’ या नावानं जे मिळतं त्यात जिरं, लसूण, ओरेगॅनो सगळं असतं. त्या पूडीचा न्यू मेक्सिकोचा लाल सॉस होत नाही.

या सॉसमधला राजा पदार्थ म्हणजे ‘कार्ने आदोवादा’. डुकराच्या मांसाच्या फोडी लाल मिरचीच्या लसूणयुक्त वाटणात रात्रभर मुरवायच्या आणि दुसऱ्या दिवशी झाकून, मंद ओव्हनमध्ये तीन-चार तास ठेवायच्या, काट्यानं तुटेपर्यंत. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतलं विंदालू ज्यांनी खाल्लं आहे त्यांना ही चव कुठेतरी ओळखीची वाटेल, आणि ते खरंच आहे. स्पेन आणि पोर्तुगाल या शेजारी देशांत मांस लसूण आणि व्हिनेगर किंवा वाइनमध्ये मुरवून टिकवण्याची जुनी रीत होती. स्पॅनिशांनी ती मेक्सिकोमार्गे उत्तरेला नेली, पोर्तुगीजांनी गोव्याला आणली, आणि दोन्हीकडे तिला नवी मिरची भेटली. गोव्यात माडाच्या ताडीचं व्हिनेगर आलं, मिरं, दालचिनी, लवंग आली. आंबटपणा पदार्थाचा कणा झाला. न्यू मेक्सिकोत व्हिनेगर नावापुरतं राहिलं, कित्येक घरांत तेही गेलं, आणि मिरचीनं सगळी जागा व्यापली. डुकराचं मांस नको असेल तर मटणाच्या खांद्याचं आदोवादा चांगलं होतं. कच्च्या फणसाचंही करून पाहण्यासारखं आहे. मुरायला वेळ कमी द्यायचा एवढंच.

नाताळात केला जाणारा पोसोले म्हणजे मका, मांस आणि लाल मिरचीचा रस्सा. यातला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून त्याची टरफलं काढलेला असतो. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला मिळत नाही. चुन्यानं ते सुटं होतं. मध्य अमेरिकेतल्या लोकांना हे तंत्र हजारो वर्षांपासून येत होतं. युरोपनं मका उचलला पण चुना सोडला, म्हणून जिथे मकाच मुख्य अन्न झाला तिथे पेलाग्राचा आजार पसरला. सांता फे समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळतं. मका आणि घेवडा शिजायला फार वेळ लागतो. रात्रभर चुलीवर भांडं ठेवायची जुनी सवय आणि आजचा कुकर, दोन्ही यातूनच आले.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्यात सर्वांत जवळची वाटते. उपवासाच्या लेंट काळात न्यू मेक्सिकोतल्या कॅथलिक घरांत ‘केलितेस’ नावाची रानभाजी घेवडा आणि वाळल्या लाल मिरचीच्या चुऱ्याबरोबर परततात. ती आपल्या चाकवताच्या कुळातली आहे. ‘वेर्दोलागास’ तर आपली घोळच. ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ला जाणारा पाला मक्याच्या तॉर्तियाबरोबरही खाल्ला जातो, आणि त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही, बांधावर मिळतो. हॉटेलांच्या यादीत हे पदार्थ क्वचित दिसतात. घरचा स्वयंपाक हाच.

गावागणिक मिरची वेगळी, हे आधी म्हटलं. दक्षिणेकडे रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातलं हॅच हे छोटं गाव हिरव्या मिरचीसाठी इतकं प्रसिद्ध झालं की त्याचं नाव आता अमेरिकाभर लेबलांवर दिसतं. उत्तरेकडे चिमायोची मिरची छोटी, वाकडी, पातळ गराची. तिची लाल पूड महाग आणि तिच्यावर जीव टाकणारे लोक आहेत. ती शतकानुशतकं घरच्या बियांवर, थोड्या दिवसांच्या हंगामात वाढलेली आहे. दोन्हींत श्रेष्ठ कोण हा वाद निरर्थक आहे. हॅचची भाजून खावी, चिमायोची वाळवून.

हा व्यवसाय आज अडचणीत आहे. १९९२ मध्ये राज्यात ३४ हजार एकरांहून अधिक क्षेत्रावर मिरची निघाली. आता ते क्षेत्र दहा हजारांच्या आत आलं आहे. तोडणी हातानं करावी लागते आणि मजूर मिळत नाहीत, नदीला पाणी कमी, आणि बाहेरून स्वस्त मिरची येते. २०११ मध्ये राज्यानं कायदा केला की तिथे न पिकलेल्या मिरचीला ‘न्यू मेक्सिको’चं नाव लावता येणार नाही. जुन्या वाणांची चव हरवत चालली तेव्हा विद्यापीठानं बी-बँकेत गोठवून ठेवलेल्या जुन्या बियांपासून त्यांना पुन्हा उभं केलं. त्याच विद्यापीठातल्या चिली पेपर इन्स्टिट्यूटचे पॉल बॉसलँड यांनी आपल्या आसामच्या भूत जोलोकियाचा तिखटपणा मोजला आणि २००७ मध्ये ती जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात गेली. सौम्य मिरचीच्या गावात हे मोजमाप व्हावं हा योगायोग नाही. मिरचीकडे इतक्या बारकाईनं पाहणारी जागा दुसरी फारशी नाही.

महाराष्ट्रात बसून हे करायचं तर काय घ्यावं? हिरवीसाठी भज्यांना वापरतो ती लांब, जाड, फिकट हिरवी मिरची. साधी पोपटी तिखट मिरची नको, तिला सोलण्याजोगा गर नसतो. पालेदार वास वाढवायला तीन मिरच्यांमागे एक भोपळी मिरची भाजून मिसळावी. लालसाठी मुख्यतः काश्मिरी, आणि रंग-गर यासाठी चौथा हिस्सा ब्याडगी. तिखटपणा कमी करायचा तर बियांच्या मागे न लागता आतली पांढरी शीर खरवडून काढावी. कॅप्सेसिन तिथे तयार होतं, बियांना ते नुसतं लागलेलं असतं. हाताची आग थांबवायला पाणी उपयोगाचं नाही. आधी तेल चोळावं, मग साबण. तोंडाची आग दुधा-दह्यानं शमते, कारण दुधातलं केसिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून काढतं. न्यू मेक्सिकोत जेवणाबरोबर तळून टम्म फुगलेली ‘सोपापिया’ आणि मधाची बाटली ठेवतात, ती याच गरजेतून. अमेरिकेत टेक्सास, ॲरिझोना, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांना तर ऑगस्टमध्ये खरी हॅच मिरची मोठ्या दुकानांत मिळते. तिचे एखाद-दोन किलो भाजून गोठवावेत.

आणि दोन्ही सॉस तयार असतील तर एन्चिलादा करावा, न्यू मेक्सिकोच्या पद्धतीनं, म्हणजे गुंडाळ्या न करता थर लावून. मक्याची तॉर्तिया तेलात क्षणभर तळून मऊ करायची, गरम सॉसमध्ये बुडवायची, ताटात ठेवून वर बारीक कांदा आणि चीज. असे तीन थर. वर अर्ध्या भागावर लाल, अर्ध्यावर हिरवा. तिथल्या हॉटेलात ‘लाल की हिरवी?’ हा प्रश्न इतका नेहमीचा आहे की तो राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, आणि दोन्ही हवी असणाऱ्यानं ‘ख्रिसमस’ म्हणायचं असतं. सगळ्यात वर एक तळलेलं अंडं, बलक कच्चा ठेवून, म्हणजे तो फुटून सॉसमध्ये उतरतो आणि तिखटपणा गोलसर होतो. लाल सॉस उरला तर उत्तमच. एका रात्रीत तो आणखी मुरतो, आणि सकाळी बटाट्याच्या परतलेल्या फोडींवर घालून पोळीत गुंडाळला की न्याहारी होते.